नणंदेची ज्वारी

थोरल्या जाऊबाई अंगणात पायलीनं ज्वारी मोजत होत्या. नणंदेकडे बारा पायल्या पाठवायच्या होत्या. पहिलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत ठेवायचा. "लाभ, लाभ, लाभ... दोन, दोन, दोन..." मी पोत्याचं तोंड धरून बसले होते.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आकडा मनात टिकतो तो आपण आतल्या आत म्हणत राहतो म्हणून, आणि मध्ये कुणी बोललं की पुसला जातो, हे मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. एकीनं आकडे लक्षात ठेवायचे, दुसरीनं मुद्दाम प्रश्न विचारायचे. मुली हसतात. किती आकडे उरले ते मी फळ्यावर लिहिते.

"जाऊबाई, गिरणी किती वाजता बंद होते हो?" मी सहज विचारलं.

त्यांनी थांबून नीट सांगितलं. मग हातातल्या पायलीकडे पाहिलं, पोत्यात वाकून पाहिलं. पोतं ओढून घेतलं, सगळी ज्वारी पुन्हा ढिगावर ओतली आणि "लाभ, लाभ" सुरू केलं. मला मान वर करवेना. वर्गात पुसल्या गेलेल्या आकड्यापायी कुणाला काही पुन्हा उपसावं लागत नाही.

बारावी ओतून त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं, पदरानं घाम पुसला.

"हं, बोल आता," म्हणाल्या.

गिरणी किती वाजता बंद होते, ते मला आठवत नव्हतं.