साच्यावरचं कुंकू

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझा प्रकल्प झिर्कोनियावर होता. झिर्कोनिया म्हणजे खूप उष्णता सोसणारी एक पांढरी सिरॅमिक भुकटी. अणुभट्टीतलं इंधन जिच्यात मिसळून ठेवता येईल, अशी वस्तू म्हणून तिचा अभ्यास होतो. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी असं काहीच नव्हतं. इंधनाच्या जागी आम्ही साधारण तसंच वागणारं सिरियम वापरायचो. हे मी घरी कितीदा सांगितलं, तरी मुखेडजवळच्या आमच्या गावात त्यातला 'अणू' एवढाच शब्द पोचला. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. मी नेमकं काय करते, ते आईला डोळ्यांनी बघायचं होतं. खंडेनवमीला ती एसटीने आली.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. दिवाळीनंतर माझे मार्गदर्शक सर मुंबईच्या एका मोठ्या संशोधन केंद्रात जाणार होते. "या भुकटीची एक निर्दोष गोळी करून दे," ते म्हणाले होते, "तिथं तपासून घेऊ. मग तुझ्या उन्हाळी प्रशिक्षणाचं बोलायला मला तोंड राहील."

विभागात यंत्रांची पूजा झाली होती. आईने सगळीकडे बघून विचारलं, "घरी तुझ्या बाबांनी विळे, पाभर, समदं मांडलंय. तुझं हत्यार कोणतं गं?"

भट्टी सगळ्यांची, सूक्ष्मदर्शक सरांचा. शेवटी मी कपाटातून पोलादी साचा काढला. त्यात भुकटी भरून दट्ट्या ठेवायचा आणि प्रेसखाली दाबायचं, की गोळी तयार होते. ती मग भट्टीत भाजायची.

"एवढंसंच? मला वाटलं लई मोठं असंल काही."

शेजारच्या टेबलावरचा, पीएच.डी. करणारा दादा हसला. "मावशी, लहान हाय म्हणून काय झालं! हिच्यापेक्षा जास्त दाब त्योच सोसून राहिला."

आईने साच्याला आणि दट्ट्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. तिला बरं वाटलेलं दिसलं. मलाही वाटलं.

दसऱ्यानंतर मी कामाला लागले. फूल काढलं, साचा कोरड्या फडक्याने वरवर पुसला. कुंकू मात्र तसंच ठेवलं. आमच्याकडे अवजारावरचं कुंकू कुणी मुद्दाम पुसत नाही. काम करता करता ते जायचं तेव्हा जातं.

भट्टीतून पहिल्या गोळ्या निघाल्या, त्यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते आणि खड्ड्यांभोवती बारीक भेगा. पुढच्या खेपेलाही तेच. मी भुकटीला दोष दिला, मध्येच गेलेल्या लाईटला दिला. मग वाटायला लागलं, हे आपल्याला जमणारं नसेल.

सरांनी एक खड्डा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला. तिथं कॅल्शियम निघालं.

"आपल्या पदार्थात कॅल्शियम नाही. आलं कुठून? साचा आण बरं."

त्यांनी तो उजेडात धरला. दट्ट्याच्या कडेला गुलाबी रेघ होती. मी खंडेनवमीचं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"कुंकवात चुना असतो. बाजारातल्यात खडूही असतो. हळद जळून जाते आणि खड्डा ठेवते. चुना उरतो, पण तो बाकी गोळीसारखा आकसत नाही, म्हणून भेग. ॲसिटोनने साफ कर. मी सोमवारी निघतोय."

म्हणजे एकच खेप हातात होती. कापूस भिजवला, पण हात पुढे होईना. शेवटी आईला फोन लावला.

"आई, साच्यावरचं कुंकू पुसावं लागतंय. त्यानंच गोळ्या बिघडून राहिल्यात."

"मग पुस की."

"तुला चालंल?"

"मला काय ईचारतीस? साच्याला काय नवरा हाय व्हय?" ती हसली, मग म्हणाली, "ती गोळी सरासंगं जाणार हाय का न्हाई?"

"चांगली झाली तर."

"मग फोन ठेव अन् कामाला लाग."

कापूस आधी गुलाबी निघाला. तो पांढरा निघेपर्यंत मी पुसत राहिले.

त्या खेपेतल्या काही गोळ्यांच्या कडा उडाल्या, पण एक स्वच्छ निघाली. भिंगाखाली मी ती उलटसुलट पाहिली. सरांनी पाण्यात वजन करून घनता काढली, खात्रीसाठी पुन्हा काढली आणि गोळी कापसात गुंडाळून डबीत ठेवली.

प्रशिक्षणासाठी मला बोलावणं आलं, ते संपूर्ण उन्हाळी सुट्टीसाठी. मी घरी फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सुट्टीत घरी येणार न्हाईस?"

"न्हाई, आई."

मग म्हणाली, "तिथं जेवायची सोय काय हाय, ते नीट ईचारून घे."