आंदणाच्या गाईसाठी घनसावंगीपर्यंत

आमच्या घरी सहलीला कुठे जायचं ते विषाणू ठरवतात. बायको, सुजाता, जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काम करते. एखाद्या गावात साथ आली की जनावरांच्या लाळेतला विषाणू मिळवायचा, त्याची जनुकीय अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि रोग कुठून कुठे गेला ते शोधायचं, हे तिचं काम. माझं काम पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवणं आणि सुट्टीत गाडी चालवणं. नाताळच्या सुट्टीत मी कोकण, कोकण करत होतो, सुरमई डोळ्यांसमोर तळून तयार होती, तेवढ्यात ही म्हणाली, "घनसावंगीला जाऊ या."

कारण ऐकल्यावर मला सुरमईचं नाव काढायची लाज वाटली. घनसावंगीजवळच्या एका गावात खुरकूत आली होती. या रोगात जनावराच्या तोंडाला आणि खुरांना फोड येतात, लाळ गळते, चारा सुटतो. सुजाताच्या चमूने महिनाभरापूर्वी तिथे नमुने घेतले होते. साथ सुरू होण्याच्या थोडं आधी त्या गावात रोहिणी नावाची नवी सून केदारखेड्याहून आंदणाची गाय घेऊन आली होती. लंगडताना सगळ्यांना पहिली दिसली ती हीच गाय. मग काय, रोग गाईने आणला आणि गाय सुनेने आणली, असा हिशेब गावाने मांडला. आता गाय माहेरी परत पाठवायचं ठरलं होतं, आणि गाईपाठोपाठ रोहिणीलाही "चार महिने राहून ये" असं सुचवलं जात होतं. हे तिने स्वतः फोन करून सुजाताला सांगितलं.

अहवाल तयार होता. "मग फोनवरच सांग की," मी म्हणालो. सुजाता म्हणाली, "फोनवर माणूस अर्धं ऐकतो आणि पुढे दुप्पट सांगतो. शिवाय गाय हलवली तर केदारखेड्यातही रोग जाईल."

पहाटे पुणे सोडलं. अहिल्यानगरला मिसळ, छत्रपती संभाजीनगरला चहा, तिथून समृद्धी महामार्गाने जालना. या रस्त्यावर गाडी इतकी सुतासारखी सरळ चालते की डुलकी लागायची भीती, म्हणून शेजारी बोलणारं माणूस हवंच. माझ्याकडे विषाणूंवर बोलणारं होतं. मुक्काम जालन्यात केला. बसस्थानकाजवळ साध्या, स्वच्छ खोल्या स्वस्तात मिळतात. रात्री येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांची, आमटी आणि ज्वारीची भाकरी हाणली आणि कोकणावरचा माझा राग बराच निवळला.

दुसऱ्या दिवशी अंबडमार्गे घनसावंगी. अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे, दर्शनापेक्षा वरून दिसणारी शेतं पाहायला तरी चढाच. पुढे मोसंबीच्या बागा, कापूस आणि ऊस. आमच्या पुढे उसाची ट्रॉली होती आणि ओव्हरटेक करायला जागा देणं हा तिच्या चालकाला स्वतःचा अपमान वाटत असावा. स्वतःची गाडी नसेल तर अंबडहून एसटी आहे, जीपही आहेत. जीप मात्र भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय याची त्यांची व्याख्या उदार आहे.

गावाच्या वेशीवर सुजाताने मला उतरवलं आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बूट बुडवायला लावले. नवे बूट! खुरकुतीचा विषाणू माणसाच्या पायाने, गाडीच्या टायरने, दोरीनेही फिरतो म्हणे. अशा गावी जाणार असाल तर जुन्या चपला घाला, एवढा अनुभवाचा सल्ला.

मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं. रोहिणीची सासू कौसाबाई पुढे, रोहिणी खांबाआड. सगळ्यात आधी बोलायला लागले बाबाराव. गावातला सगळ्यात देखणा बैल, राजा, यांचा. जनावरांच्या प्रदर्शनात पहिला आलेला. माणूस गोड, आवाज मोठा.

"मॅडम, आमचं काय म्हणणं न्हाई. पोरगी गुणाची हाये. पर गाय आली अन् रोग आल्ता, हे बराबर हाये का न्हाई?"

सुजाताने समजवायला घेतलं. विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात जाताना स्वतःची नक्कल करतो, नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. लोक माना डोलवत होते, पण ती डोलवणी मी रोज वर्गात बघतो. कुणाला काही कळलं नव्हतं.

एकदम बाबारावांनी मांडीवर थाप मारली. "आरं, हा तर आपला दहावीचा पेपर! पुढच्यानं एक गणित चुकवलं, आपण ते छापलं अन् आपली एक चूक वर टाकली. मागच्यानं दोन्ही छापल्या अन् तिसरी केली. मास्तर चुका बघून बराबर वळखायचा, कोण कोणाच्या मागं बसल्तं!"

पार खदखदून हसला. मीही हसलो, गेली कित्येक वर्षं मी अशाच चुका पकडतो आहे. बाबारावांना चेव चढला. त्यांनी तीनदा समजावून सांगितलं, एकदा तर बोटांनी बाकं मांडून. आता गावातल्या शेवटच्या म्हाताऱ्यालाही विषाणूची वंशावळ पाठ झाली होती.

"मंग मॅडम, सगळ्यात कमी चुका कोणाच्या पेपरात हायेत? पहिल्या बाकावर कोण?"

सुजाताने कागद पुढे धरला. "रोहिणीच्या गाईत गावातल्या सगळ्या चुका आहेत आणि वर एक तिची स्वतःची. ती शेवटच्या बाकांपैकी आहे. गावात पहिल्या बाकावर..." ती थांबली. "राजा."

बाबारावांचा हात हवेतच राहिला.

राजाला लस दिलेली होती, म्हणून त्याला थोडी लाळ सुटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण प्रदर्शनातून पहिला नंबर घेऊन तो आला तेव्हा गावाने त्याला घरोघरी फिरवलं होतं. प्रत्येक दारात ओवाळणी, प्रत्येक दारात परातीतून पुरणपोळी. आणि त्याने खाऊन उरलेला उष्टा तुकडा ज्याने त्याने प्रसाद म्हणून आपापल्या गोठ्यात नेऊन घातला! कौतुकाने, भक्तीने, अख्ख्या गावाने आपल्या हाताने. कौसाबाईंचं घर गल्लीच्या टोकाला, तिथे रोग गोठ्यागोठ्यांतून फिरून सगळ्यात शेवटी पोचला.

"नुसत्या अक्षरांवरून मी हे सांगत नाही," सुजाता म्हणाली. "कुठली जनावरं कधी आजारी पडली, तेही जुळतं. बाकीच्या गोठ्यांत लाळ आधीच गळत होती, पण नवी म्हणून सगळ्यांची नजर होती ती रोहिणीच्या गाईवर. आणि राजाचाही दोष नाही. प्रदर्शनात आलेल्या दुसऱ्या गावांच्या बैलांतही हाच विषाणू सापडलाय. तिथेही आता सावध करता येईल."

बाबाराव उठले, थेट खांबाजवळ गेले आणि म्हणाले, "पोरी, मीच बोंबललो सगळ्यांत जास्त. चुकलं मपलं." संध्याकाळी ते साडीचोळी घेऊन कौसाबाईंच्या दारात हजर. इथून पुढे या गावात तुझं माहेर माझ्या घरी, असं त्यांनी भर गल्लीत जाहीर केलं, त्याच मोठ्या आवाजात. मला फार बरं वाटलं, डोळेसुद्धा भरून आले. ते लपवायला मी शेतातून आलेल्या हुरड्यावर लक्ष केंद्रित केलं. कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर दही. या एका गोष्टीसाठी डिसेंबर-जानेवारीत इकडे या.

निघताना रोहिणी गाडीपाशी आली. दिवसभरात पहिल्यांदाच नीट बोलली.

"मॅडम, गाय राह्यली, लई चांगलं झालं. पर मह्या गाईपासूनच आल्ता असं निघालं असतं, तर?"

मागून कौसाबाईंनी हाक मारली, रोहिणी गेली आणि आम्ही टायर धुऊन निघालो. परतीच्या वाटेवर समृद्धीवर मला एकट्यालाच बोलावं लागलं.

घरी येऊन आठवडा झाला. बूट पांढरट पडलेत. जालन्याहून आणलेली येसराची पुडी संपत आली. सुजाता मात्र रोज त्याच प्रश्नाशी येत होती: एवढी अक्षरं वाचली, बरोबर उत्तर काढलं, आणि पोरगी सुटली ती निकाल तिच्या बाजूने लागला म्हणून. काल तिने न राहवून फोन लावला.

"रोहिणी, तुझ्या गाईपासून आला असता ना, तरी मी तिथे येऊन हेच सांगितलं असतं. गाय इथेच ठेवा, बरी करा, आणि सुनेला बोल लावू नका. रोग कुठून आला हे कळतं ते पुढे थांबवण्यासाठी."

रोहिणी म्हणाली, "मॅडम, हे मला नगा सांगू. थांबा, फोन स्पीकरवर टाकते, आत्याबाई इथंच धार काढून राह्यल्या."

सुजाताने सगळं पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द. धारेचा आवाज थांबला.

"ऐकलं, बाई," कौसाबाई म्हणाल्या. "कुठून बी आलेला असू दे. गाय हितंच ऱ्हाईल, अन् पोरगी बी."