वरचा डबा आधी

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली साठायच्या, तसेच. फरक एवढाच, की राज्य फुटलं तेव्हा फायलींची वाटणी झाली. या आंध्राच्या, त्या तेलंगणाच्या. किस्से मात्र कोणीच मागितले नाहीत, ते माझ्याकडेच राहिले! माझ्या मुलांना मराठी बोलता येतं, पण धड वाचता येत नाही. त्यामुळे निर्धास्तपणे लिहिते आहे.

ऑफिस सरकारी, नामपल्ली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. कुठलं ते विचारू नका. दुपारी एका टेबलावर आम्ही चौघं जेवायचो. आमचे सुपरिंटेंडेंट किशनराव ढगे, घराणं नांदेडकडचं शेतकऱ्याचं, पण जन्म हैदराबादचा. गुंटूरकडचे सत्यनारायण गारू, गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी'. रेकॉर्ड सांभाळणारे, जुन्या शहरातले रझाकभाई. आणि मी, ज्योती वाघमारे, सीनियर असिस्टंट. ढगेसाहेब मलकपेठेत आमच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळे त्यांच्या घरचं मला जरा जास्त ठाऊक. हसू येईल तिथे हसून घ्या. पुढे फारसं हसायला नाही.

* * *

वाटणीच्या दिवसांत खुर्च्यांवरसुद्धा खडूने खुणा केल्या होत्या. एक लोखंडी कपाट आंध्राच्या यादीत गेलं आणि त्याची किल्ली तेलंगणाच्या! दोन महिने दोन्हीकडून पत्रव्यवहार चालला. शेवटी उघडलं तेव्हा आत एकच फाईल होती. सामानाची वाटणी कशी करावी, त्याच्या सूचनांची!

कॉरिडॉरमध्येही खडूची रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे आंध्र. रझाकभाईंना मी विचारलं, "भाई, तुम्ही कुठल्या राज्यात?"

"मैं तो जिधर पंखा चलता, उधर बैठता मॅडम!"

रोज कोणाची ना कोणाची ऑर्डर यायची आणि तो माणूस दुसऱ्या राज्यात रवाना व्हायचा. आमच्या ऑफिसची जुनी रीत अशी, की जाणाऱ्याने सगळ्यांच्या टेबलापाशी जाऊन स्वतःच्या हाताने मिठाई भरवायची. डिशमध्ये ठेवून चालायचं नाही, तोंडातच घालायची. पूर्वी वर्षातून दोनदा प्रसंग यायचा. आता आठवड्यातून तीनदा! आणि त्या दिवसांत 'नको' म्हणणं म्हणजे नुसतं 'नको' नव्हतं. त्यातून लोक तुमचं राजकारण काढायचे.

* * *

याच दिवसांत ढगेसाहेबांच्या बायकोच्या, म्हणजे कमलवहिनींच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. किडनी द्यायला मुलीचा रक्तगट जुळेना, भावाला आधीच साखर. जुळले ते एकटे ढगेसाहेब. सगळ्यांना वाटलं, सुटलो!

पण त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला डायबेटिस अजून झालेला नाही, पण तो दाराशी येऊन उभा आहे. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. इन्सुलिन शरीरात आहे, पण शरीर त्याचं ऐकत नाही."

"आमच्या ऑफिसागतच की!" ढगेसाहेब म्हणाले. "ऑर्डर रोज निघते, ऐकतंय कोण?"

डॉक्टर हसले नाहीत. "अशा माणसाची किडनी मी काढणार नाही. उद्या ती तुम्हालाच लागेल. पथ्य करा, चाला, वजन उतरवा. तीन महिन्यांची साखरेची सरासरी खाली आली, तर पुढचं बोलू."

घरी येताना रिक्षात ढगेसाहेब एकच वाक्य बोलले, असं वहिनींनी मला सांगितलं. "कमल, माझ्या खादाडपणानं तुझा घात केला बघ."

* * *

दुसऱ्या दिवसापासून पथ्य वहिनींनीच हातात घेतलं. मी सकाळी डोकावले, तर बाई स्टुलावर बसून भाकरी थापत होत्या. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन केलेलं. त्या हाताने जोर करायचा नाही म्हणून एकट्या उजव्या हाताने थापणं चाललेलं. भाकरी वाकडी होत होती.

"वहिनी, द्या इकडं, मी करते. तुम्ही पडा जरा."

"अगं, मी काय त्यांच्यासाठी करतेय व्हय? माझी किडनी त्यांच्या पोटात ठेवलीय. तिला नीट जेवायला घालायला नको?"

मी हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

* * *

डबा तीन पुडांचा. वरच्यात काकडी, मुळा, गाजर. मधल्यात मटकीची उसळ नाहीतर पालेभाजी. तळाला अर्धी ज्वारीची भाकरी. भात बंद. नियम एकच, वरचा डबा आधी! वरचा रिकामा झाल्याशिवाय मधला उघडायचा नाही, मधला संपल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. आधी भाज्या पोटात गेल्या की साखर रक्तात हळूहळू चढते, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वहिनींनी त्याचा कायदा करून टाकला.

रझाकभाई बघत राहायचे. "ये डब्बा है के फाइल, साब? ऊपर से नीचेच आती!"

जेवण झालं की ढगेसाहेब पंधरा मिनिटं कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खडूची रेघ ओलांडत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "रोज वीस बार परराज्यात जाऊन येतो. टी.ए. मात्र कोणी देईना!"

खरं कारण त्यांनी ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. वहिनींचीच तशी ताकीद होती. "नुसतं साखरेचं नाव काढलं तरी सगळं खोदून विचारतील. माणसं घरी येतील, माझ्याकडं बघून च्यक् च्यक् करतील. मला ते नको." मलाही शपथ घातली होती. मी ती नको तितके दिवस पाळली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

* * *

सत्यनारायण गारूंची ऑर्डर आली. विजयवाडा! बावीस वर्षं ढगेसाहेब आणि ते शेजारी बसून जेवलेले. गारूंनी गावाहून पूतरेकुलु मागवले. कागदासारख्या पातळ पापुद्र्यात तूप आणि साखर घालून गुंडाळलेली त्यांच्याकडची मिठाई. सगळ्यांना भरवत भरवत ते ढगेसाहेबांसमोर आले आणि हात पुढे केला.

ढगेसाहेबांनी तोंड मिटलं आणि दोन्ही हात जोडले.

"खाओ, किशनराव."

"नक्को, गारू."

"एक टुकडा."

ढगेसाहेबांनी मान हलवली. गारूंचा हात तसाच हवेत राहिला. मग ते अगदी हळू बोलले, "अच्छा. अब हम आंध्रावाले हो गए."

मी ढगेसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनीच मला बजावलं, बोलायचं नाही. आणि तेवढ्यात मागून टाळ्या वाजल्या! आमच्या युनियनचे लीडर रेड्डी उठून उभे राहिले. "शाबास ढगे साब! यही चाहिए!"

गारूंनी तो तुकडा परत पेटीत ठेवला. निघताना त्यांनी रझाकभाईंना मिठी मारली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ढगेसाहेबांच्या टेबलाला वळसा घालून गेले.

* * *

दुसऱ्या दिवशी रेड्डी हार घेऊन हजर! तेलंगणाच्या स्वाभिमानासाठी ढगेसाहेबांचा सत्कार म्हणे. हार घातला, फोटो काढला आणि रीतीप्रमाणे पेढा तोंडाशी नेला.

"नक्को," ढगेसाहेब म्हणाले.

रेड्डींचा चेहरा पडला. "उनकी मिठाई नहीं खाए, समझे. हमारी भी नहीं? फिर आप हैं किसके साथ?"

"मैं मेरे डब्बे के साथ हूँ!"

सगळे हसले. रेड्डींनी तो हार परत नेला. त्या दिवशी ढगेसाहेबांनी वरचा डबा उघडला आणि काकडीची एक फोड हातात धरून बसून राहिले. शेजारची खुर्ची रिकामी होती.

* * *

आता माझा किस्सा. हा मी कधी कोणाला सांगितलेला नाही.

बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर होते. दरवर्षी दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात घेऊन जाते. त्या वर्षीही हाताने सवयीने केली, सवयीने डब्यात भरली आणि टेबलावर सवयीने तीन वाट्या काढल्या. एक रझाकभाईंपुढे, एक माझ्यापुढे आणि एक ढगेसाहेबांपुढे सरकवली. सरकवल्यावर लक्षात आलं!

"अरे देवा! साहेब, राहू द्या, राहू द्या..." मी वाटी ओढायला लागले.

त्यांनी माझा हात धरला. "एकाला नाही म्हटलं ज्योती, बावीस वर्षांचा दोस्त गेला. तुला बी नाही म्हणू?"

आणि डोळे मिटून त्यांनी सगळी खीर खाल्ली. वाटी चाटूनपुसून. मग उठले आणि कॉरिडॉरमध्ये चालायला लागले. जेवणाची सुट्टी संपली तरी चालत होते. चार वाजता रझाकभाईंनी हाताला धरून आणून बसवलं, तेव्हा शर्ट घामाने ओला झाला होता.

तीन महिने भरले. रिपोर्ट आला. सरासरी खाली आली होती, पण डॉक्टरांना हवी होती तिच्यापेक्षा एवढीशी वर. अगदी एवढीशी! डॉक्टर म्हणाले, "छान चाललंय, अजून तीन महिने."

एका वाटीने तीन महिन्यांची सरासरी हलत नाही. मी स्वतः डॉक्टरांना विचारलं, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते हेच म्हणाले. पण बुद्धपौर्णिमा आली की मी आजही खीर करते, सगळ्यांना वाढते, आणि मला ती गिळता येत नाही.

* * *

त्या रिपोर्टनंतर मी शपथ मोडली. विजयवाड्याला सत्यनारायण गारूंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गारू? ऐकताय ना?"

"ज्योती गारू, बाईस साल मैं उनका आधा डब्बा खाया. डब्बा बदल गया, और मैं पूछा भी नहीं कायकू."

पुढच्या आठवड्यात विजयवाड्याहून फायलींची ट्रंक आली. रझाकभाईंनी उघडली तर फायलींच्या खाली कापडी पिशवी. त्यात दोन किलो हुलगे! वर सरकारी लेबल चिकटवलेलं, 'तातडीचे. किशनराव ढगे यांनाच द्यावे.' गारूंच्या गावी साखरवाल्यांना हुलग्याचं कढण देतात म्हणे.

ढगेसाहेबांनी आवक रजिस्टरमध्ये रीतसर नोंद केली. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि नाक पुसलं. वहिनींनी त्या हुलग्यांची उसळ केली, मधल्या पुडात भरली, आणि मला म्हणाल्या, "बघ, माझ्या किडनीला आंध्राहून बी आहेर आला!"

* * *

दुसरे तीन महिने ढगेसाहेबांनी काटेकोर काढले. पँट सैल झाली, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. सणाला गोड नाही, लग्नात जेवण नाही, चहा बिनसाखरेचा. मिठाईची पेटी दिसली की आधीच उठून रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसायचे. लोक नावं ठेवायचे. रेड्डी तर म्हणायचे, हा माणूस दोन्ही राज्यांना पाण्यात बघतो!

सोमवारी सकाळी त्यांनी रक्त दिलं. रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. मंगळवारी वहिनींचं डायलिसिस होतं. खुर्चीत बसल्या, सुया टोचल्या, नर्सला म्हणाल्या, "लवकर आटप गं बाई, यांचा डबा धुवायचा राहिलाय." अर्ध्या तासाने त्यांना धाप लागली. मला फोन आला आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बुधवारी दुपारी आम्ही स्मशानातून परतत होतो. रिक्षात ढगेसाहेबांचा मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग मोबाइल खिशात ठेवला.

* * *

तेरावा झाल्यावर ते कामावर आले. डबा नव्हता. हातात आबिड्सच्या दुकानातली मिठाईची मोठी पेटी होती.

सेक्शनमध्ये सगळे उठून उभे राहिले. पथ्याचं खरं कारण तोवर सगळ्यांना कळलं होतं. ढगेसाहेबांनी पेटी उघडली, एक पेढा उचलला आणि पहिल्या टेबलापाशी गेले. तिथल्या क्लार्कच्या तोंडाशी पेढा नेला.

"रिपोर्ट आला," ते म्हणाले. "नॉर्मल आहे. तोंड गोड करा."

त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने तोंड उघडलं.

मग दुसरं टेबल. मग तिसरं. प्रत्येकाला तेच वाक्य. "रिपोर्ट आला. नॉर्मल आहे." रेड्डींनी पेढा खाल्ला आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर निघून गेले. ढगेसाहेब खडूची रेघ ओलांडून आंध्राच्या बाजूला गेले, तिथेही एकेकाला भरवलं. कोणीच 'नको' म्हणालं नाही. रझाकभाईंना नुकतीच साखर निघालेली, तरी त्यांनी अख्खा पेढा घेतला आणि न चावता गिळला.

सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आले. मी तोंड उघडलं. पेढा तोंडात फिरत राहिला.

पेटीत एकच पेढा उरला होता. रझाकभाईंनी तो उचलला आणि रीतीप्रमाणे ढगेसाहेबांच्या तोंडाशी नेला. "साब, आप भी."

ढगेसाहेबांनी हात जोडले. माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"मला नक्को गं. तुझ्या वहिनीला कळलं तर वरडंल."