बारा नंबरच्या घरासमोरच्या नऊ गाड्या

मिस्त्री गाडीचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखतो. माणसांच्या बाबतीत मात्र ठार बहिरा. पोरीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तर यानं चारचौघांत सांगून टाकलं, "आजपासून माझ्या घरात तिचं नाव निघायचं नाही." बोलला ते बोलला. त्याला चार वर्षं झाली.

पण दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ट्रायल मारावी लागते. मिस्त्रीची ट्रायल कायम पोरीच्या कॉलनीतून. बारा नंबरच्या घरासमोर थांबायचं, काच वर ठेवायची, दोरीवरचे कपडे काढणारी पोर डोळा भरून पाहायची, की टाकला गियर. दर वेळी गाडी दुसरी. कुणाच्या बापाला कळतंय?

परवा एक मास्तर गॅरेजात आले. तोंड उतरलेलं, हातात कागद.

"मिस्त्री, त्या मंगळवारी माझी गाडी तुमच्याकडंच होती ना?"

"होती की. क्लच बदलला."

"मग हे वाचा. माझ्या आधी आमच्या हिनं वाचलंय. दोन दिवस घरात चहा नाही मला!"

कॉलनीत खांबाखांबावर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले होते. कमिटीनं सहा महिन्यांची यादी काढून गाडीमालकांना पत्रं धाडली होती. नऊ गाड्या, तारीख, वेळ, किती मिनिटं थांबली ते. खाली एक ओळ: 'घर क्रमांक बाराकडे वेगवेगळे पुरुष येतात, अशी तक्रार आहे. खुलासा करावा.'

मिस्त्रीच्या हातातला पाना सुटून पायावर पडला. त्याला कळलंही नाही. नऊच्या नऊ नंबर ओळखीचे. ही गळक्या रेडिएटरची, ही ब्रेक न लागणारी, ही मास्तरांची.

"मास्तर, ती माझी पोर आहे हो. आणि हे नऊ पुरुष म्हणजे मी एकटा."



मिस्त्री तसाच काळ्या हातांनी स्वतःच्या स्कूटरवर निघाला. कमिटीच्या सचिवासमोर त्यानं गॅरेजची कामाची वही आपटली.

"गाड्या नऊ, ड्रायव्हर एक. पाटी वाचता आली, तोंड नाही दिसलं?"

"अहो, आम्ही सुरक्षेसाठी..."

"कुणाच्या? माझ्या पोरीची अब्रू नऊ घरांत वाटलीत. आता नऊ घरांत माफीचं पत्र जाईल, तुमच्या सहीचं. मी बसलोय इथं."

नवव्या सहीनंतरच उठला.

बारा नंबरचं दार उघडंच होतं. पोरीच्या हातात तोच कागद, कुणीतरी दारात टाकलेला; डोळे सुजलेले. सगळं ऐकून ती उंबऱ्यापर्यंत आली.

"दर वेळी तुम्हीच होता? मग बाबा, काच खाली करायला काय झालं होतं?"

मिस्त्री मान खाली घालून स्कूटरकडं वळला.

"स्कूटर आत घ्या," ती म्हणाली. "नाहीतर उद्या दहावं पत्र येईल."