पिशवीवरून घर ओळखणारी

पिशवी उचलली की ती आधी हातात तोलून बघायची. नुसत्या मनगटानं, भाजीवाली मेथीची जुडी तोलते ना, तशी. मग गेटच्या आत मान घालून म्हणायची, "काल पाव्हणे होते वाटतं." आणि पाहुणे खरोखर येऊन गेलेले असायचे.

जुन्या सांगवीतल्या आमच्या गल्लीत ती घंटागाडीबरोबर यायची. ठेक्यावरची सफाई कामगार. मूळची धाराशिवकडची, पन्नाशीला आलेली, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचं माणूस दचकून खाली बघावं. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. मी वयानं मोठी, म्हणून मी आपली "अगं बाई" म्हणायचे आणि ती मला काकू. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही, आणि आता विचारायची सोयही नाही. नवीन ठेकेदार आला तेव्हा तिला तळवड्याकडे टाकलं म्हणतात. तेव्हापासून गाठ नाही. मी दोनदा बसनं जाऊन चौकशी करून आले, पण तळवडं काय लहान राहिलंय का आता?

तुमच्याही गल्लीत अशी कोणी तरी असेल. जरा नीट बघा तिच्याकडे. आम्ही बघितलं नव्हतं.

ओल्या-सुक्या कचऱ्यावरून तिनं आमच्या गल्लीतल्या भल्याभल्यांना सरळ केलं होतं. एक इंजिनिअर साहेब रोज सगळं एकत्र टाकायचे. एके दिवशी तिनं त्यांची पिशवी त्यांच्याच गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि म्हणाली, "साहेब, कंपनीत एवढं मोठं मशीन चालवता, इथं दोन डबे चालवता येईनात व्हय?" साहेब दुसऱ्या दिवसापासून सुधारले.

माझंही सांगते. मला साखरेचा त्रास. आमच्या ह्यांचं माझ्या खाण्यावर बारीक लक्ष. मी पेढ्यांचा रिकामा पुडा चार वर्तमानपत्रांत गुंडाळून सुक्या कचऱ्यात घालायचे. तिनं पिशवी तोलली आणि हळूच म्हणाली, "काकू, पेपरला कंदी पेढ्याचा वास यायलाय."

"सांगू नकोस गं ह्यांना," म्हटलं मी.

"मी कामून सांगू? ज्याचं त्याच्या पिशवीत. पर आता बास करा."

हे तिचं नेहमीचं बोलणं. ज्याचं त्याच्या पिशवीत. तिला गल्लीतल्या पन्नास-साठ घरांचं सगळं ठाऊक होतं. कोण पितं, कुणाची सून आठवड्याला बाहेरचं मागवते, कुणाकडे पाळणा हललाय, कुणाच्या औषधाच्या पट्ट्या वाढल्यात. तोंडावर ती चिडवायची. पण ह्या घरचं त्या घरी? शक्यच नाही. मी काय कमी खोदलं तिला? शेजारणीबद्दल विचारलं की गाडीकडे चालायला लागायची.

तर तो पावसाळा. सलग पाच दिवस नुसता कोसळत होता. धरणं भरली. दुपारी महापालिकेची गाडी भोंगा लावून सांगत फिरली की पाणी सोडणार, नदीकाठच्यांनी शाळेत जावं. मुळा आणि पवना, दोन्ही नद्या आमच्या अंगाला. पाणी आम्हाला नवं नाही. पण तेव्हाचं पाणी वेगळं होतं.

आमचं महिला मंडळ आणि तरुण मंडळाची पोरं मिळून कामाला लागलो. पोरांनी दोर, टॉर्च, गाड्यांच्या ट्यूबा जमवल्या. माझ्याकडे वही. कोण शाळेत गेलं, कोण नातेवाइकांकडे, कोण घरातच वर राहतंय, हे दारोदार जाऊन लिहायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून ते माझ्याकडे. नदीच्या बाजूच्या आतल्या गल्लीत शेवटचं एक घर आहे. मालक परदेशात, वरचा मजला कायम बंद. खाली तीन महिन्यांपूर्वी एक तरुण भाडेकरू आला होता, चाकणला कंपनीत कामाला. मी गेले तेव्हा गेटला बाहेरून कुलूप. हाक मारली, कोणी ओ दिली नाही. मी वहीत लिहिलं, "बंद, रिकामं." आणि खाली रेघ मारली. मला ती रेघ अजून दिसते.

सकाळी उजाडलं तेव्हा आमच्या दारातून नदी चालली होती. आम्ही पहिल्या मजल्यावर. खाली रस्त्याच्या चढाला लष्कराचा ट्रक येऊन थांबलेला. दोन रबरी बोटी उतरल्या, दहा-बारा जवान, आणि त्यांचे सुभेदार साताऱ्याकडचे, म्हणून भाषेची अडचण नव्हती. मंडळाची पोरं त्यांच्याबरोबर. माझी वही पोरांनी सुभेदारांच्या हातात दिलेली.

आणि त्यात ही. घंटागाडी त्या दिवशी कुठली यायला? पण ती दापोडीच्या बाजूनं, पूल बंद व्हायच्या आत, चालत आली होती. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, गुडघाभर पाण्यात उभी. मी गॅलरीतून ओरडले, "अगं, आज कशाला आलीस?"

"ड्युटी हाय," म्हणाली.

पहिली बोट आमच्या समोरच्या इमारतीकडे वळली, तेव्हा ती सुभेदारांना म्हणाली, "साहेब, दुसऱ्या मजल्यावर गुरुजी हायेत. त्यांचं साखरेचं इंजेक्शन फ्रिजात असतंय, तेवढं संगं घ्यायला सांगा." सुभेदारांनी तिच्याकडे एकदा बघितलं. गुरुजी उतरले ते रिकाम्या हातानं. विचारलं तर कपाळावर हात मारून घेतला. जवान परत वर गेला आणि डबा घेऊन आला. मग तिनं सांगितलं की पिवळ्या इमारतीत बाळंतीण आहे, तिला उडी मारायला लावू नका. कोपऱ्यावरचे काका नाही म्हणतील, पण त्यांना छातीचं औषध चालू आहे, त्यांना आधी घ्या. वर्षानुवर्षं जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, ते ती भर रस्त्यात, पाण्यात उभी राहून सांगत होती. पण प्रत्येक वेळी आवाज खाली आणून, काय म्हणाली ते मला नंतर पोरांनी सांगितलं. चारचौघांत तिचा आवाज हळू झालेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

आमच्या गल्लीतली तातडीची माणसं निघाली. सुभेदारांनी वही उघडली. "आतल्या गल्लीत शेवटचं घर बंद, रिकामं. मग पुढच्या गल्लीला लागू. तिथं तीस माणसं गच्चीवर आहेत."

"ते रिकामं न्हाई," ती म्हणाली.

मंडळातला एक जण वैतागला. "मावशी, बाहेरून कुलूप आहे. काकूंनी स्वतः बघून लिहिलंय."

"काकूंनी कुलूप बघितलं. मी पिशवी उचलते."

"तुम्ही आत माणूस बघितलाय का?" सुभेदारांनी विचारलं. शांतपणे विचारलं, पण घाई दिसत होती. आतल्या गल्लीत पाण्याला ओढ होती, बोट घालणं सोपं नव्हतं, आणि पलीकडे तीस माणसं हाका मारत होती.

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "रोज बघते, साहेब. नावाला तरणं पोरगं हाय एकटं. त्याच्या पिशवीत रोज दोन डायपर असतेत. मोठ्या माणसाचे. ते कुठून येतेत?"

वर गॅलरीत मला ते ऐकू आलं. मी हाक मारली होती हो. पण एकदाच.

सुभेदारांनी वही मिटली आणि रेनकोटाच्या आत घातली. म्हणाले, "मावशी, बोटीत बसा." एक बोट गच्चीवरच्या माणसांकडे पाठवली आणि दुसरीत स्वतः बसले. एवढा वर्दीतला माणूस, हातात लिहिलेला कागद असताना, कचरा उचलणाऱ्या बाईच्या शब्दावर बोट वळवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.  

तिला नारिंगी लाईफ जॅकेट घातलं. ते तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. ती बोटीच्या नाकाशी बसली आणि हात करून सांगायला लागली. डाव्या अंगानं घ्या, उजवीकडे पाण्याखाली कठडा आहे. मधून नका जाऊ, तिथल्या चेंबरचं झाकण निघालंय, चार दिवस झाले सांगून. जिथं बोट पुढं जाईना तिथं तीन जवान दोराला बांधून पाण्यात उतरले. दोराचं दुसरं टोक मंडळाच्या पोरांनी समोरच्या जिन्यावरून धरलेलं. पाणी जवानांच्या छातीला. ती सांगेल तिथंच पाय टाकत होते. तिनं "थांबा" म्हटलं की तिघं थांबायचे.

त्यांनी कुलूप तोडलं. आमच्या गॅलरीतून त्या घराची फक्त खिडकी दिसते, पण तिकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. खिडकीच्या गजांना दोन हात धरलेले होते. म्हातारे, बारीक, पांढरे हात.

जवान आत पोचले, पण हात सुटेनात. आजोबा पलंगावर उभे होते म्हणे, पाणी कमरेच्या वर. ह्या हिरव्या कपड्यांच्या माणसांना बघून ते आणखी घाबरले, गज आणखी घट्ट धरले. जवान हिंदीत समजावत होते, बाबा चलिए, बाबा छोड़िए. बळ लावलं तर बोटं मोडतील अशी अवस्था. पाणी वाढतच होतं. सुभेदार घड्याळ बघत होते.  

मग ती बोटीत उभी राहिली. दोन हात तोंडाशी धरले आणि तिच्या त्या नेहमीच्या आवाजात ओरडली, "आजोबा, गाडी आली. चला, आवरलं का?"

खिडकीतले हात सुटले. एक, मग दुसरा.

हे काय झालं, ते मला नंतर तिनंच सांगितलं. आजोबांना काही आठवत नव्हतं. पोरगा कामावर गेला की ते रोज सकाळी खिडकीत उभे राहायचे. घंटागाडी दिसली की तिला विचारायचे, "गाडी आली का गावाची?" आणि ती रोज सांगायची, "आज न्हाई आजोबा, उद्या येणार हाय. आवरून ठिवा." तीन महिने रोज. जागा राखून ठेवते म्हणायची. त्या पोराला सुद्धा हे माहीत नव्हतं.

त्यांना एका जवानानं पाठीवर घेतलं. बोटीत बसल्यावर त्यांनी तिला विचारलं म्हणे, "तिकीट?" ती म्हणाली, "काढलंय मी." आणि आपलं लाईफ जॅकेट काढून त्यांना घालायला लागली. तेव्हा सुभेदार पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. दुसरं जॅकेट होतं हो बोटीत.

दुपारी पाणी जरा ओसरलं तेव्हा आम्हालाही शाळेत हलवलं. मी चहाची किटली घेऊन वर्गावर्गात फिरत होते. हाताला काम असलं की मन थाऱ्यावर राहतं माझं. आजोबा डॉक्टरांच्या वर्गात होते, कोरडे कपडे, खिचडी खाल्लेली. मी दारातूनच बघितलं. जवळ जायचा धीर झाला नाही.

पलीकडच्या वर्गात बाकं बाजूला सारून जवान झोपले होते. ओळीनं, फरशीवर, बूट उशाशी. आणि त्या ओळीच्या शेवटी, भिंतीला लागून, ही झोपलेली. तोंड उघडं, हात पोटावर. कुणी तरी तिच्या अंगावर हिरवा रेनकोट टाकला होता. मी ग्लास भरला आणि तसाच धरून उभी राहिले.

तेवढ्यात तो पोरगा आला. आदल्या दिवशी भोंगा फिरायच्या आधीच कामावर गेलेला, तो रात्रपाळीही करून निघाला होता. कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये असतो, त्यामुळे सकाळपर्यंत त्याला काही कळलंच नव्हतं. रस्ते बंद, बस बंद. भोसरीपासून चालत, धावत आलेला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पॅन्ट मांडीपर्यंत चिखलानं माखलेली. वडिलांना भेटून तो तिला शोधत आला होता. तिला झोपलेली बघून दारातच थबकला. मग पायातले बूट काढले आणि तिच्या पायांपासून हातभर अंतरावर खाली बसला.

मीही बसले. गुडघे दुखतात माझे, पण बसले.

त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "काकू, आमचं घर रिकामं म्हणून लिहिलं होतं म्हणे. कुणी लिहिलं?"

"मी," म्हटलं.

मला वाटलं होतं तो बोलेल काहीतरी. बोलावं असंही वाटत होतं. त्यानं पॅन्टवरचा चिखल नखानं खरवडला. मग म्हणाला, "कुलूप मी लावलं होतं. ते बाहेर निघून जातात, रस्ता विसरतात. शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटत होती." आणि माझ्या हातातला चहा त्यानं घेतला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघंही रडलो, पण आवाज न करता, ती उठेल म्हणून.

सुभेदार दारात आले. दापोडीच्या बाजूला पाणी चढत होतं, निघायचं होतं. ते जोरात हुकूम द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांची नजर ओळीच्या टोकाला गेली. त्यांनी पुढं येऊन पहिल्या जवानाच्या खांद्याला नुसतं बोट लावलं. त्यानं उठून दुसऱ्याला. एकेक करून सगळे उठले. कुणी बूट घातले नाहीत. बूट हातात धरून, अनवाणी, चवड्यांवर चालत ते धिप्पाड गडी तिच्या बाजूनं एकामागून एक बाहेर गेले. शेवटच्यानं दार ओढून घेतलं, पण कडीचा आवाज होईल म्हणून पूर्ण लावलं नाही.

मग वर्गात आम्ही तिघंच राहिलो. ती झोपलेली, आणि आम्ही दोघं ती उठायची वाट बघत बसलेले.