सपनातल्या बोगद्याला कोनाडा

अमीनामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काचेच्या नळ्यांशी गप्पा मारत होत्या. लोणावळ्याच्या एका लहानशा प्रयोगशाळेत माझा पहिलाच दिवस होता. मी पुण्याहून नुकतीच बी. एस्सी. होऊन आलेली, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कोट. दार ढकललं तर मोरीपाशी एक ठेंगणी बाई पदर खोचून उभी. जांभळ्या पाण्याची एकेक नळी उजेडात धरायची आणि म्हणायची, "तू बेस झोपलास. तू बी. आन् तुला काय झालतं रं, बाबा?"

मी दारातच थबकले. त्या वळून मोकळं हसल्या. "या ताई, घाबरू नगा. नळ्या धुणारी हाय मी. येडी न्हाई."

ते जांभळं पाणी म्हणजे मुळात माणसांची लघवी होती, हे मला तासाभरात कळलं. आमच्या डॉक्टरांनी त्या साली विषय घेतला होता तो वाईट स्वप्नांचा. माणूस घाबरला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात अॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, घाम फुटतो. जागेपणी हे होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण झोपेत, नुसत्या स्वप्नानं होतं का? रात्रभराच्या लघवीत त्याचा माग लागतो. म्हणून दहा-बारा माणसं रोज सकाळी आपापली बाटली आणून द्यायची आणि स्वप्न पडलं की नाही, कसलं पडलं, ते सांगायची. मी वहीत लिहून घ्यायची. मग रसायनं घातली की नमुन्याला जांभळा रंग चढे. रंग जितका गडद, तितकी रात्र जड गेलेली.

डॉक्टरांनी हे सगळं मावशींना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "म्हंजी सपनात वाघ आला तर वाघ खोटा, पर पळापळ खरी." डॉक्टर हसून माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "मी याच्यावर तीन पानं लिहिली आहेत."

मावशींचं माहेर टाकवे बुद्रुक, सासर कुसगाव. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. माझ्या चिठ्ठ्या ओलाव्यानं सुटून पडायच्या, त्यांचे दोरे कधी चुकले नाहीत. जीभही तशीच नेमकी. एका सकाळी एक निवृत्त मास्तर रिकामी बाटली घेऊन आले. रात्री विसरलो, म्हणाले. मावशींनी शांतपणे विचारलं, "मास्तर, पोरं गृहपाठ इसरली की तुमी काय करत व्हता?" मास्तर पुन्हा कधी विसरले नाहीत.

हिरव्या दोऱ्याची बाटली सखारामची. तो मावशींच्याच कुसगावचा, तिशीतला, रेल्वेच्या घाटात रुळांची देखभाल करणारा गँगमन. आडदांड गडी. रोज सकाळी बाटली ठेवायचा आणि मान खाली घालून सांगायचा, "सपान न्हाई पडलं." मी लिहायची: स्वप्न नाही. आणि रोज त्याचीच नळी सगळ्यांत गडद निघायची.

महिनाभर असं चाललं. डॉक्टर वैतागले. बाकीच्यांचे आकडे जुळत होते, पण या एका माणसामुळे सगळ्या पद्धतीवरच शंका येत होती. एका दुपारी ते म्हणाले, "आपली तपासणीच चुकते आहे. या आठवड्यात प्रयोग बंद करू." मी रडकुंडीला आले. मावशी मात्र नळ्या पुसता पुसता म्हणाल्या, "डाक्टर, नळी कशापायी खोटं बोलंल? तिला कुणाची लाज?"

दुसऱ्या दिवशी सखाराम आला तेव्हा मावशींनी त्याला ओसरीवर बसवून घेतलं. हातात चहाची कपबशी दिली आणि त्याला काहीही न विचारता आपलंच सुरू केलं. "माझी सासू रोज सपनात येती बघ. हातात फुकणी. मी पुढं, ती मागं, कुसगावच्या बाजारातनं. मरून बारा वर्सं झाली, पर पळती काय! जित्तेपनी गुडघं दुखायचं तिचं!"

सखाराम खो खो हसला. हसता हसता बशीतला चहा सांडला, आणि मग त्यानं कपबशी खाली ठेवली.

"मावशी, मला बी पडतंय," तो म्हणाला. "बोगद्यात आसतो मी. गाडी येती. उजेड दिसतो, शिट्टी ऐकू येती, पर पाय उचलत न्हाई. रोज तेच."

"मग सांगत का न्हाईस?"

"गँगमन आन् बोगद्याला भेतो? सायबाच्या कानावर गेलं तर घाटातनं काढतील मला. आन् गडी हसतील ते येगळंच."

मी खिडकीआड उभी होते. वही माझ्याच हातात होती, आणि महिनाभर मी तिच्यात खोटं लिहीत आले होते.

मावशींनी सांडलेला चहा फडक्यानं पुसला. मग म्हणाल्या, "खऱ्या बोगद्यात गाडी आली तर काय करता रं तुमी?"

"भितीला कोनाडं आसत्यात. त्यात शिरून उभं ऱ्हायचं. गाडी जाती निघून."

"मग सपनातल्या बोगद्याला एक कोनाडा करून घे की! तुजंच सपान हाय, कुणाची परवानगी लागती?"

सखारामला ते पोरकट वाटलं, पण मावशींनी सोडलं नाही. रोज सकाळी ओसरीवर त्यानं स्वप्न सांगायचं, आणि शेवट बदलून सांगायचा: उजेड दिसला, शिट्टी झाली, मी दोन पावलं टाकली, कोनाड्यात शिरलो. "कोनाडा केवडा हाय? गार हाय का? भितीला हात लावून सांग," मावशी बारकावे विचारायच्या. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. पंधराएक दिवसांनी मात्र तो फाटकातूनच ओरडत आला, "मावशी, घुसलो! गाडी ग्येली!" त्या दिवशीची नळी फिकट होती. पुढे मधूनच एखादी गडद यायची, पण महिनाअखेर सखारामची नळी इतरांच्यात ठेवली तर ओळखू येईना.

ओसरीवरचं सगळं मी सांगितल्यावर डॉक्टरांनी प्रयोग चालू ठेवला होता. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," असं मला दहादा बजावलं आणि त्याच दिवशी मावशींना आपल्या हातानं खुर्ची आणून दिली. मावशी काही तिच्यावर बसल्या नाहीत. तिच्या पाठीवर ओलं फडकं मात्र वाळत घातलं.

पुढे लग्न होऊन मी पुण्याला परतले. तीनेक वर्षांनी डॉक्टरांचा निबंध छापून आला. त्याची प्रत घेऊन मी मुद्दाम कुसगावला गेले. मावशी आता थकल्या होत्या, दारात खाटेवर बसून होत्या. इंग्रजीतला तो मजकूर मी त्यांना मराठीत सांगितला: बोगद्याचं स्वप्न पडणारा एक कामगार, त्याचं वाढलेलं अॅड्रिनलिन, आणि प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी सुचवलेला उपाय. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, आता विचारतील, माझं नाव कुठं छापलंय?

त्यांनी डोळे उघडले. "सखारामचं नाव न्हाई ना त्यात?"

"नाही, मावशी."

"मग लय झ्याक लिवलंय डाक्टरनी," त्या म्हणाल्या.