दोन नळ्या, नंबर एकच

रक्त तपासणाऱ्या लॅबचं सॉफ्टवेअर मी लिहिलं, आणि नव्या पेशंटचा नंबर डेटाबेसकडून कसा घ्यायचा तेच चुकलो.

नोंद आत गेली की डेटाबेस तिला स्वतःच नंबर देतो. कुठला दिला, हे त्याच दमात त्यालाच विचारायचं असतं. मी मात्र नोंद घालून मग वेगळं विचारायचो, सगळ्यात मोठा नंबर कोणता? नवा तोच मोठा, आहे काय त्यात! घरी पुन्हा पुन्हा करून बघितलं, एकदाही चुकलं नाही. चुकणार कसं, घरी पेशंट मी एकटाच.

लॅब शिरूरला, रक्त घ्यायचं आणखी एक केंद्र दौंडला. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं दोन्हीकडे एकदमच. शिरूरची नोंद आत गेली. तिचा नंबर विचारेपर्यंत दौंडचीही गेली. मग दोघांनाही दौंडचाच नंबर, आणि तोच स्टिकर दोन्ही नळ्यांवर.

दुपारी दौंडच्या नळ्या एसटीने शिरूरला आल्या आणि इथल्या नळ्यांत मिसळल्या, तेव्हा लॅबवाल्या ताईंनी मला बोलावून घेतलं. "सर, दोन नळ्या, नंबर एकच. कुणाचं रक्त कुठलं, वास घेऊन सांगू?"

दोन्ही फेकाव्या लागल्या. त्यातली एक निमोण्याच्या एका मामांची. कंपनीच्या बसचा ठेकेदार ड्रायव्हर घेत होता. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट दिला तरच काम पक्कं. मामा रिपोर्ट न्यायला आले, तर कॉम्प्युटर म्हणे रक्तच मिळालेलं नाही.

"मंग सकाळी सुई कुणी टोचली? डासानं?"

"मामा, परत घेऊ की आत्ता," मी म्हणालो.

ताईंनी मला थांबवलं. "मामा, उपाशी आहात का?"

"रगत दिलं आन् भायेर मिसळ हाणली. आता कसला उपाशी!"

म्हणजे आता उद्या सकाळीच. मी ठेकेदाराला फोन लावून चूक माझी म्हणून सांगितलं. "मग उद्या बस तुम्ही नेता का?" म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामांचा रिपोर्ट झकास आला. जागा भरली होती. पुढची भरती कधी, कुणालाच माहीत नव्हतं, आणि तेव्हा मामांचं वय आडवं येणार होतं. तोवर मी कोड दुरुस्त केला होता. एका ओळीचं काम. मामांना तेही सांगून टाकलं, गप्प बसवेना म्हणून.

रिपोर्टची घडी खिशात घालत त्यांनी विचारलं, "गाडी येती का तुमाला?"

"नाही, मामा."

"बरं हाय. शिकूबी नगा."